मंजूर म्हणायला जीभ बरी वळते

तुझ्या सोसायटीचा ऑडिटर कोण? नाव सांग. नुसतं आडनाव चालेल. तेही नाही? बरं, तो बाप्या आहे की बाई, एवढं तरी? डोकं खाजवू नकोस. गेल्या सप्टेंबरात तूच त्याला नेमलंस. इतिवृत्तात लिहिलंय, 'सर्वानुमते मंजूर'. त्या सर्वांत तूही होतास. हजेरीवर सही आहे तुझी, झोकदार, खाली दोन टिंबं दिलेली.

तू अडाणी असतास तर मी एक शब्द बोललो नसतो. ज्याला जमा कुठली नि नावे कुठली कळत नाही, त्याच्याशी काय भांडायचं? पण तू! तेरीज जुळेना म्हणून अकरा रुपयांचा फरक शोधत, शाळा सुटली तरी बाकावरून न उठणारा तू. आज अंधेरीला कुठल्याशा कंपनीच्या हिशेबखात्यात बसतोस. कुणी १८० रुपयांचं रिक्षाचं व्हाउचर सहीशिवाय पुढे केलं तर परत त्याच्या टेबलावर आपटतोस, हे तूच मला छाती फुगवून सांगितलं होतंस. मग संध्याकाळी काय होतं? भाईंदरच्या खाडीत लोक गाडीतून निर्माल्य सोडतात. तू अक्कल सोडतोस काय?

सभा कशी चालते ते मला शिकवू नकोस, मीही इथेच राहतो. साडेदहाची सभा. साडेदहाला सेक्रेटरी आणि वॉचमन दोघेच. गणसंख्या नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग आहेत त्या डोक्यांवर तीच सभा पुन्हा सुरू. स्टिल्टखाली भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. मागचं इतिवृत्त कायम करणे. मंजूर. हिशेबपत्रकं स्वीकारणे. मंजूर. लेखापरीक्षण अहवालाची नोंद घेणे. घेतली. चालू वर्षासाठी लेखापरीक्षक नेमणे. 'तेच आपले नेहमीचे.' मंजूर! चार विषयांना चार मिनिटं लागत नाहीत. मग बी विंगवाल्याने स्कूटर तुझ्या गाडीला खेटून लावली, यावर दीड तास. तेव्हा तुझा आवाज पार स्टेशनपर्यंत पोचतो. बुडाखालून लाखांचा हिशेब सरकतो तेव्हा तोंडात गुळणी, आणि बंपरला ओरखडा आला की रणशिंग!

आणि बाई, तू काय हसतेस? स्टँप ड्युटीत एक टक्का सवलत मिळते म्हणून फ्लॅट तुझ्या एकटीच्या नावावर घेतलात. सभासद तू. शेअर सर्टिफिकेटवर नाव तुझं. आणि सभेला कोण जाऊन बसतं? 'आमचे हे बघतात सगळं.' ते काय बघतात ते वर सांगितलंच. बँकेत दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या पडताळतेस, आणि स्वतःच्या घराच्या हिशेबाला नवऱ्याचा अंगठा?

आता सबबी काढा बघू एकेक. मला पाठ आहेत.

'सर, वेळच मिळत नाही.' विरार लोकलमध्ये लटकत जाणाऱ्याला मी आळशी म्हणणार नाही. पण त्याच लोकलमध्ये जाता-येता मिळून तीन तास मोबाइलमध्ये नाक खुपसलेलं असतं. अहवाल त्याच मोबाइलवर आला होता, सोसायटीच्या ग्रुपवर. त्याखाली तू हात जोडल्याची खूण टाकलीस. उघडलास का? सभेच्या नोटिशीला पूर्ण १४ दिवस द्यावे लागतात. ते काय सामोसे किती मागवायचे ते ठरवायला?

'सर, त्यातलं मला फारसं कळत नाही.' हे दुसऱ्या कुणाला सांग. मी तुझा पेपर तपासलाय.

'सर, सगळीकडे असंच चालतं.' सगळीकडच्यांना मी शिकवलेलं नाही. तुला शिकवलंय.

नीट ऐक, कारण ऑडिटर म्हणजे वर्षातून एकदा येऊन चहा पिऊन शिक्का मारून जाणारा इसम, एवढीच तुझी समजूत दिसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्यात २०१३ साली मोठी सुधारणा झाली. त्या आधी ऑडिट म्हणजे सरकारी खात्याचं काम, अशी आपली पक्की सवय. कधी येतील, कोण येईल, देव जाणे. आता नेमणूक कुणी करायची? सर्वसाधारण सभेने. कमिटीने नव्हे, सेक्रेटरीने तर नव्हेच. शासनाने मंजूर केलेली नामतालिका सहकार खात्याकडे आहे, त्यातलं नाव सभेने निवडायचं. निवडलेल्याची लेखी संमती घेऊन ३० दिवसांत निबंधकाला कळवायचं. आर्थिक वर्ष संपल्यावर चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैच्या आत, ऑडिट पुरं व्हायला हवं आणि ३० सप्टेंबरच्या आत सभा. सलग तीन वर्षांपेक्षा जास्त तोच ऑडिटर नेमता येत नाही. मग 'तेच आपले नेहमीचे' हे किती वर्षांपासूनचे नेहमीचे? मोजलंस? की तीन वर्षांनी शिक्का बदलतो आणि माणूस तोच राहतो?

अजून एक सांगतो, हे फारसं कुणी सांगत नाही. एका ऑडिटरने वर्षात २० पेक्षा जास्त संस्था घेऊ नयेत, अशी मर्यादा कायद्यात आहे. ऐकून बरं वाटलं? थांब. ज्या संस्थांचं वसूल भागभांडवल एक लाखाच्या आत आहे, त्या या मोजणीत धरत नाहीत. तुझ्या कपाटातलं शेअर सर्टिफिकेट काढ. ५० रुपयांचे दहा शेअर, ५०० रुपये. चाळीस फ्लॅट. गुणाकार करतोस की मी करू? वीस हजार. म्हणजे तुझ्यासारख्या संस्था त्याने दोनशे घेतल्या तरी चालतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दोनशे ताळेबंदांवर सह्या ठोकणाऱ्याने तुझी व्हाउचरं पाहिली असतील, असं तुला खरंच वाटतं? कायद्याने तिथे तुला वाऱ्यावर सोडलंय. राखण तुलाच करायची होती. आणि राखणदार खुर्चीत पेंगतोय.

तुला वाटत असेल, म्हातारा उगाच एवढ्या तेवढ्यावरून कावतोय. पण बघ, देशाचा महालेखापरीक्षक तुझ्या मताने येत नाही. राष्ट्रपती त्याला नेमतात, सहा वर्षांसाठी किंवा वयाच्या ६५ वर्षांपर्यंत. १९४९ च्या मे महिन्यात संविधान सभेत आंबेडकरांनी या अधिकाऱ्याला घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटलं होतं, त्याचं काम न्यायसंस्थेपेक्षाही मोलाचं मानलं होतं. तरी त्याच्या निवडीत तुला-मला हात नाही, आणि नसावाच. मतांसाठी दारोदार फिरणारा हिशेब काय तपासणार, असं माझं आपलं मत. अमेरिकेतल्या लोकांना ते पटत नाही. तिथे बऱ्याच राज्यांत ऑडिटर थेट मतदानाने निवडतात. मॅसॅच्युसेट्समध्ये अशा निवडून आलेल्या ऑडिटरबाईंनी २०२४ साली थेट विधिमंडळाचेच हिशेब तपासू द्या म्हणून लोकांपुढे प्रश्न टाकला, आणि दहातल्या सातांनी हो म्हटलं. विधिमंडळ तरी दाद देईना, ते वेगळं. पण त्या लोकांनी निदान मतपत्रिका वाचली होती.

आणि आपली वसई-विरार महापालिका? २००९ साली चार नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती एकत्र करून झाली. तिचा मुख्य लेखापरीक्षक असतो, त्याने स्थायी समितीपुढे अहवाल ठेवायचा असतो. २०२० मध्ये मुदत संपली, आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली साडेपाच वर्षं स्थायी समितीच नव्हती. तिचे अधिकार प्रशासकाकडे. खर्च मंजूर करणारा तोच, आणि खर्चावरचा अहवाल ज्याच्यापुढे जायचा तोही तोच. या साडेपाच वर्षांत तू काय विचारलंस? नाक्यावर चहा पीत 'सगळे चोर आहेत' एवढंच ना? त्यात विचारणं कुठे आलं? तो नुसता ढेकर.

दिल्लीत तुला हात घालता येत नाही. महापालिकेत घालायचा तर नगरसेवकामार्फत, तेही पाच वर्षांनी एकदा. एकच जागा अशी आहे की जिथे हिशेब तपासणारा तू स्वतः, थेट, दरवर्षी निवडतोस. स्टिल्टखालची ती सभा. आणि तिथेच तुझी मान नंदीबैलासारखी डोलते.

आता एक फाईल दाखवतो. कुठल्या सोसायटीची ते विचारू नकोस. आपल्याकडे पाण्याचं काय आहे ते तुला सांगायला नको. सूर्या धरणाचं पाणी आलं आलं म्हणेपर्यंत टँकरवाल्यांची घरं झाली. तर त्या सोसायटीची उन्हाळ्याची टँकरची बिलं. छापील बिलबुक, एकाच अक्षरात, एकाच शाईत. एप्रिलच्या बिलावर क्रमांक एकवीस. मेच्या बिलावर बावीस. जूनच्या बिलावर तेवीस. पोटात काही ढवळलं? नाही? पुन्हा वाच. वसईच्या उन्हाळ्यात टँकरवाल्याला पाणी प्यायला फुरसत नसते, आणि या भल्या माणसाने तीन महिन्यांत दुसऱ्या कुणाला एकही बिल फाडलं नाही? एकच गिऱ्हाईक? गाडीचा नंबर नाही. किती फेऱ्या, किती लिटर, नाही. वॉचमनच्या वहीत टँकर आत आल्याची नोंद नाही. खाली मात्र अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, तिघांच्या सह्या, ओळीने.

आता गंमत ऐक. तिथला ऑडिटर चोर नव्हता. त्याने लिहिलं होतं. सहाव्या पानावर, स्वच्छ मराठीत: टँकरच्या देयकांसोबत आवकनोंद आढळली नाही, खुलासा व्हावा. त्या माणसाने त्याचं काम केलं. पण नोटीस बोर्डाच्या काचेआड अहवालाचं फक्त पहिलं पान लावलं होतं, आणि पहिल्या पानावर होतं 'लेखापरीक्षण वर्ग: ब'. लोकांना वाटलं, ब म्हणजे बरं चाललंय. ऑडिटरने काढलेल्या दोषांवर कमिटीने तीन महिन्यांत दोषदुरुस्ती अहवाल निबंधकाला द्यायचा असतो, एकेका शेऱ्याला उत्तर देऊन. त्या फाईलमध्ये तो फॉर्म होता. कोरा. सह्या होत्या, उत्तरं नव्हती. पुढच्या सभेत कुणी विचारलं? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि जात्याभोवती चाळीस डोळस माणसं पापड तळायला किती वेळ म्हणून बसलेली.

बऱ्याच ठिकाणी तर तेवढंही होत नाही. वही लिहायची कटकट नको म्हणून सेक्रेटरी वर्षभराची पावत्यांची पिशवी ऑडिटरच्याच ऑफिसात टाकतो. तिथला पोरगा वही लिहितो, ताळेबंद करतो, आणि मग साहेब तोच ताळेबंद 'तपासून' सही करतात. उत्तरपत्रिका लिहिणारा तोच, मार्क देणारा तोच. परीक्षेत असं झालं असतं तर तू बोर्डावर मोर्चा नेला असतास. इथे म्हणतोस, 'तेवढीच आपली सोय.' कुणाची सोय? आणि फी कोण देतं? तुझ्या मेंटेनन्समधून जाते ती.

तुझी आणखी एक पळवाट: 'रक्कम असून असून किती असणार, सर?' बरं, काढ पेन. बांधकामखर्च दोन कोटी धर. उपविधीप्रमाणे सिंकिंग फंड वर्षाला किमान पाव टक्का, म्हणजे ५० हजार. दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का, म्हणजे दीड लाख. वर्षाचे दोन लाख झाले. दहा वर्षांचे, व्याज सोडून, वीस. एवढा पैसा तुझ्या सोसायटीकडे आहे का? ताळेबंदात लिहिलेला असेल. मी ते विचारत नाही. मुदत ठेवीची मूळ पावती कुणी पाहिली? झेरॉक्स नव्हे. बँकेकडून शिल्लक कळवल्याचं पत्र फाईलला आहे? की त्याच ठेवीवर कर्ज उचलून झालंय? २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळली, सतरा माणसं गेली. त्या बिचाऱ्यांना मी बोल लावत नाही, अनधिकृत इमारत बांधणारे आणि बांधू देणारे वेगळे. तुझ्याबद्दल बोलतोय. त्यानंतर आठ दिवस तुमच्या ग्रुपवर स्ट्रक्चरल ऑडिट, स्ट्रक्चरल ऑडिट चाललं होतं. नवव्या दिवशी सणाची वर्गणी. पिलर तपासायला इंजिनिअर आणायचा तर पैसा लागतो, आणि तो पैसा आहे की कागदावरच आहे हे सांगणारा दुसरा ऑडिटर असतो. त्याचं नाव तुला ठाऊक नाही.

'पण सर, ऑडिटरची सही आहे ना, मग झालं.' झालं? पीएमसी बँक विसरलास? सप्टेंबर २०१९. आपल्याकडच्या किती घरांतले पैसे अडकले होते. सहा महिन्यांत एक हजार रुपये काढा, म्हणाली रिझर्व्ह बँक. एचडीआयएलची कर्जं झाकायला २१,०४९ खोटी खाती दाखवली होती. एचडीआयएल, म्हणजे ती बांधकाम कंपनी, जिच्या पाट्या आपण वसई-विरारमध्ये येता-जाता वाचायचो. त्या बँकेच्या ताळेबंदावर सह्या नव्हत्या? दरवर्षी होत्या. पुढे लेखापरीक्षकांनाही अटक झाली. बैल गेला आणि झोपा केला. ठेवीदार तेव्हा रस्त्यावर रडत होते, आणि सभासद म्हणून त्यांतल्या कितीजणांनी त्या आधी वार्षिक सभेला तोंड दाखवलं होतं, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. आज विचारतोय, तुला.

राहिली तुझी खरी सबब. बाकीच्या सगळ्या तिला झाकायला आहेत. 'वाईटपणा कोण घेणार? रोज लिफ्टमध्ये तोंड बघायचंय. आणि सेक्रेटरीकाका माणूस चांगला आहे हो.'

असेल. मीही ओळखतो त्यांना. रात्री दोनला पंप बंद पडला तर लुंगीवर खाली येतात. फुकट राबतात, आणि तुमच्यापैकी एकजण त्यांच्या जागी बसायला तयार नसतो, हेही मला दिसतं. पण चांगला माणूस आहे म्हणून हिशेब विचारायचा नाही, हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही. हिशेब विचारला म्हणजे चोर म्हटलं, असं तूच ठरवून बसलास. उलट त्या माणसावर केवढा अन्याय करतोस ते बघ. वर्षानुवर्षं कुणी काही विचारायचं नाही, आणि एक दिवस कमिटी बदलली की मागचे सगळे खड्डे त्याच्या नावावर. तेव्हा त्याच्याकडे दाखवायला काय असणार? एका स्वच्छ, कडक ऑडिटरचा अहवाल असता तर त्याने तो तोंडावर फेकला असता. तो त्याला तू मिळू दिला नाहीस. आणि तेव्हा जिन्यात कुजबुजणाऱ्यांत सर्वांत पुढे कोण असणार? तूच! समोर अळीमिळी गुपचिळी, पाठीमागे दहा तोंडं. याला तू भिडस्तपणा म्हणतोस. माझ्याकडे त्याला सरळ नाव आहे, ते छापता येत नाही.

आता मान खाली घालून उभा राहू नकोस, त्याने काही होत नाही. वही काढ.

आज रात्री तो पीडीएफ उघडायचा. ताळेबंदापासून सुरुवात करू नकोस, तो सगळ्यांचा जुळतो. ऑडिटरचे शेरे आधी वाच, शेवटच्या पानापर्यंत. मग गेल्या वर्षीचा अहवाल माग आणि शेरे शेजारी शेजारी ठेव. तेच शेरे शब्दाशब्दाने पुन्हा आले असतील तर दोनच अर्थ: कमिटीने काही दुरुस्त केलं नाही, किंवा ऑडिटरने तारीख बदलून मागचंच छापलं. दोन्हीपैकी काय, ते विचार. व्हाउचरं बघायची असतील तर सेक्रेटरीला लेखी अर्ज दे. सभासदाला वह्या बघण्याचा, शुल्क भरून प्रती घेण्याचा हक्क आहे. ग्रुपवर आरडाओरडा नको. साधा अर्ज, पोच घेऊन. 'किरकोळ खर्च' या नावाखाली काय काय किरकोळ आहे तेवढं आधी बघ.

मग नामतालिका उघड. आपल्या तालुक्यातली दोन-तीन नावं काढ. फोन कर. तीन गोष्टी विचार: वर्षाला किती संस्था करता, व्हाउचरं बघायला स्वतः येता की पोरगा पाठवता, आणि वही तुम्हीच लिहिता का. तिसऱ्याला 'हो, सगळं आम्हीच करून देतो' असं कौतुकाने उत्तर आलं तर नमस्कार करून फोन ठेव. जो माणूस म्हणेल, पावत्यांची पिशवी नको, लिहिलेली वही द्या, त्याची लेखी संमती घे. ती खिशात ठेवून सभेला ये. वेळेवर ये. आणि तो विषय पुकारला की कुणी मंजूर म्हणायच्या आत उभा राहा आणि नाव सुचव.

अनुमोदक मिळत नाही म्हणून माझ्याकडे रडत येऊ नकोस. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना विचार. गेल्या सभेत लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल दोनदा कसं लागलं, असं त्या एकट्याच विचारत होत्या, आणि मागच्या रांगेतून 'काकू, आटपा आता, मॅच सुरू होतेय' असं कोण ओरडलं होतं, ते त्यांनाही आठवतंय. आधी त्यांची माफी माग. मग अनुमोदन माग.